राणीच्या बागेत वऱ्हाडाचा वाटा

१.
मित्रहो, किल्ले, लेणी, ताम्रपट यांच्यावर आपण पुष्कळ बोलतो. आज एका बागेत जाऊ. मुंबईत भायखळा स्थानकाच्या पूर्वेला उतरून थोडे चालले की डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर तिचे जुने प्रवेशद्वार लागते. कागदोपत्री ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, लोकांच्या तोंडी मात्र आजही राणीची बाग. बहुतेक जण तिथे पेंग्विन आणि वाघ पाहायला जातात. मी वाशीम जिल्ह्यातल्या अनसिंगहून गेलो तो इतिहास वाचायला. परतताना एक तक्रार आणि एक मागणी सोबत घेऊन आलो. दोन्ही शेवटी मांडतो; त्याआधी त्यांची कारणे.

२.
अनसिंग हे वाशीम-पुसद रस्त्यावरचे आमचे गाव. गावाचे नाव शृंगऋषींशी जोडणारी आख्यायिका इथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. आज शिवारात सोयाबीन आणि तूर दिसते. पण वऱ्हाडाची जुनी ओळख कापसाची. ‘बागेत जाऊ’ हे वाक्य आमच्याकडे संत्र्याच्या किंवा लिंबाच्या बागेपुरते. केवळ बसण्यासाठी, चालण्यासाठी, झाडे पाहण्यासाठी सर्वांना मोकळी असलेली जागा ही कल्पना वऱ्हाडातल्या बहुतेक खेड्यांत अजून नवीच आहे. म्हणून राणीच्या बागेत शिरताना मी पाहुण्यासारखाच शिरलो. बाहेर पडलो तेव्हा आपण पाहुणे नाही, वाटेकरी आहोत, अशी माझी खात्री झाली होती.

३.
आधी जागेची ओळख. भायखळा म्हणजे मुंबईचा अत्यंत गजबजलेला भाग. एका बाजूला रेल्वे, डोक्यावर उड्डाणपूल, आजूबाजूला लालबाग-परळचा जुना गिरणगाव, चाळी, गोदामे आणि त्यांच्यामधून वर आलेले उंच मनोरे. प्रवेशद्वारातून आत गेल्यावर पन्नास पावलांत आवाज बदलतो. हॉर्न मागे पडतो, कावळे आणि पोपट पुढे येतात. उन्हाचा रंगही बदलतो. हा बदल निसर्गाने आपणहून केलेला नाही. दीडशेहून अधिक वर्षे कोणीतरी इथे इमारत होऊ दिली नाही, म्हणून तो घडला आहे. बागेचा इतिहास वाचायचा तर याच गोष्टीपासून सुरुवात करावी लागते.

४.
१९ नोव्हेंबर १८६२ रोजी ही बाग लोकांसाठी खुली झाली. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते उद्घाटन झाले आणि नाव पडले व्हिक्टोरिया गार्डन्स. माझगावच्या माउंट इस्टेटमधली ३३ एकर जमीन त्यासाठी घेतलेली होती. पण हा पहिला अध्याय नव्हे. त्याआधी, १८३० च्या दशकापासून, ‘अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ या संस्थेची एक वनस्पती बाग शिवडीला होती. दूरदेशीची रोपे आणावीत, ती इथल्या मातीत रुजतात का ते पाहावे, हा तिचा उद्योग.

५.
शिवडीच्या त्या बागेचे पुढे काय झाले? युरोपियनांच्या दफनभूमीसाठी जागा हवी होती, ती तिथे सापडली. आजची शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी त्याच जमिनीवर आहे. व्हिक्टोरिया टर्मिनसचे वास्तुकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स तिथेच विसावले आहेत. म्हणजे ज्या बागेचे आज आपण कौतुक करतो, ती एका हरवलेल्या बागेची वारसदार आहे. इतिहासप्रेमींनी हे विसरू नये. ‘इथे तर नुसती झाडेच आहेत, जागा मोकळीच आहे’ हे वाक्य मुंबईत किमान १६० वर्षे जुने आहे. ते एकदा उच्चारले गेले की बाग जाते, आणि ती प्रत्येक वेळी दुसरीकडे उगवेलच असे नाही.

६.
आता त्या तारखेकडे पाहू. १८६२. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी केली. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन-चतुर्थांश कापूस त्याच बंदरांतून येत असे. लँकेशायरमध्ये माग थांबले, मजूर घरी बसले आणि व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. मुंबई बंदरात कापसाचा भाव कडाडला. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपेपर्यंत ही तेजी टिकली. व्हिक्टोरिया गार्डन्सचा जन्म या तेजीच्या ऐन भरात झाला आहे.

७.
कापूस पिकत कुठे होता? गुजरातेत, खानदेशात, धारवाडकडे आणि आपल्या वऱ्हाडात. वऱ्हाड तेव्हा निजामाच्या मालकीचा, पण १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली आलेला मुलूख होता. निजामाच्या पदरी ठेवलेल्या फौजेच्या खर्चापोटी हा मुलूख कंपनीकडे लावून घेतला गेला. त्यातली कापसाची काळी जमीन इंग्रजांच्या नजरेतून सुटलेली नव्हती. वाशीम, तेव्हाचे ‘बासीम’, त्याच मुलुखात. पुढे १८७५ मध्ये बासीम हा स्वतंत्र जिल्हा झाला, १९०५ मध्ये तो मोडला आणि १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून पुन्हा वेगळा झाला. नकाशे बदलत गेले, काळी माती तीच राहिली.

८.
युद्ध पेटले तेव्हा वऱ्हाडात रेल्वेचा एक रूळही नव्हता. कापूस बैलगाड्यांनी निघायचा. वाटेत धूळ, पाऊस, घाट, चोर आणि दलाल. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, तेव्हा युद्ध संपून दोन वर्षे झाली होती. मुंबईत कुलाब्याच्या मैदानावर गाठी रचल्या जात, तिथे सौदे होत आणि मग माल जहाजावर चढे. आज अनसिंगहून वाशीम, अकोला करत एका रात्रीत मुंबई गाठणाऱ्या माणसाने त्या गाडीवानाची आठवण ठेवायला हरकत नाही. मुंबईच्या वैभवाकडे जाणारी वाट त्यानेही तुडवली आहे.

९.
त्या पाच वर्षांत मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद हे नाव त्या काळाचे प्रतीक बनले. बँका निघाल्या, समुद्र भरून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, देणग्यांचे आकडे फुगले. बागेच्या तोंडाशी असलेल्या संग्रहालयाची पायाभरणी याच काळातली. कापूस आणि अफूच्या व्यापारात मोठ्या झालेल्या डेव्हिड ससून यांच्या नावाचा घड्याळाचा मनोराही तिथे १८६५ मध्ये उभा राहिला. नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड आणि जॉर्ज बर्डवुड हे संग्रहालयामागचे प्रमुख कार्यकर्ते. लोकवर्गणीतून मोठे काही उभारता येते, हा आत्मविश्वास शहराला त्या दिवसांत लाभला होता.

१०.
इथे इतिहासाचे पथ्य पाळले पाहिजे. बागेच्या प्रत्येक विटेवर वऱ्हाडी कापसाचा शिक्का आहे, असे मी म्हणत नाही. कोणत्या शेतातला कोणता रुपया कोणत्या कमानीत गेला, याचा हिशेब मांडता येत नाही. माझे म्हणणे एवढेच, की ज्या तेजीने मुंबईच्या श्रीमंतांना आणि सरकारला बागा, मनोरे, संग्रहालये उभारण्याची ऐपत दिली, त्या तेजीच्या मुळाशी कापूस पिकवणारा शेतकरी होता. १८६५ मध्ये तेजी कोसळली आणि त्याचा पुरावाही याच आवारात मिळतो. १८६२ मध्ये पायाभरणी झालेले संग्रहालय लोकांसाठी खुले व्हायला २ मे १८७२ उजाडावा लागला.

११.
आता कापसाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. मुंबईहून निघालेल्या गाठी बहुतांशी लिव्हरपूलला उतरत. मर्सी नदीच्या पलीकडच्या काठावर बर्कनहेड नावाचे शहर आहे. तिथे ५ एप्रिल १८४७ रोजी जोसेफ पॅक्स्टन यांनी आखलेली बाग खुली झाली. सार्वजनिक पैशातून, सार्वजनिक वापरासाठी उभारलेली जगातली पहिली नागरी बाग म्हणून ती ओळखली जाते. १८५० मध्ये फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड हा अमेरिकन तरुण ती पाहून भारावला आणि पुढे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा एक शिल्पकार झाला. बाग राजाची नव्हे, नागरिकांची असू शकते, हा विचार त्या काळात असा देशोदेशी पसरत होता. भायखळ्याची बाग त्याच लाटेवर आली.

१२.
या तिन्ही जागा नकाशावर मांडून पाहा. कापूस जिथे उतरला तिथे नदीपलीकडे बाग. कापूस जिथे जहाजात चढला तिथे बाग. कापूस जिथे पिकला तिथे? तिथे भाव चढले तेव्हा हातात चार पैसे खुळखुळले, भाव उतरले तेव्हा सावकाराची वही उरली. १८७५ मध्ये पुणे आणि नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. त्यामागच्या कारणांत कापसाच्या भावाची ही घसरणही मोजली जाते. कापसाच्या वाटेवर मुक्कामाला आणि शेवटाला सावली मिळाली, उगमाला मिळाली नाही. राणीच्या बागेत बाकावर बसल्यावर मला पहिल्यांदा हे जाणवले.

१३.
यावर कोणी म्हणेल, मग या बागेचे कौतुक कशाला? ही साम्राज्याची शोभा. राणीच्या नावाने काढलेली, साहेबांच्या हवापालटासाठी सजवलेली. हा आक्षेप हलका नाही. परंतु बाग कोणी काढली एवढ्यावर तिचा इतिहास संपत नाही. तिचे पुढे लोकांनी काय केले, हेही पाहावे लागते. १८७३ मध्ये ती नगरपालिकेकडे आली. १८९० मध्ये आणखी १५ एकर जोडून तिथे प्राणिसंग्रहालय झाले. गिरणगाव वाढला तसे सुट्टीच्या दिवशी कामगारांची कुटुंबे डबे बांधून येऊ लागली. ज्या राणीचे नाव होते, ती इथे कधी आलीच नाही. जे आले, बाग त्यांची झाली.

१४.
या बागेतले सर्वांत बोलके पाषाणशिल्प म्हणजे घारापुरीचा हत्ती. पोर्तुगीज त्या बेटाजवळ आले तेव्हा धक्क्यापाशी त्यांना एक भव्य दगडी हत्ती दिसला आणि त्यांनी बेटाचे नाव एलिफंटा ठेवले. १८१४ मध्ये त्याची मान आणि डोके गळून पडले. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईला आणून व्हिक्टोरिया गार्डन्समध्ये ठेवले गेले आणि १९१४ च्या सुमारास ते पुन्हा जोडले गेले. आज तो संग्रहालयाजवळ उभा आहे. बेटाला नाव देणारा हत्ती बेटावर नाही आणि लंडनमध्येही नाही. त्याला आसरा दिला तो या बागेने.

१५.
दुसरे उदाहरण पुतळ्यांचे. बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांनी दिलेला राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा १८७२ मध्ये फोर्ट भागात बसवला गेला. १८९६ मध्ये दामोदर चापेकरांनी त्याला डांबर फासले आणि जोड्यांची माळ घातली. तो पुतळा आज संग्रहालयाच्या आवारात आहे. प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीची आठवण म्हणून १८७९ मध्ये उभारलेला अश्वारूढ पुतळा, ज्याला लोक ‘काळा घोडा’ म्हणत, तो १९६५ मध्ये इथे हलवला गेला. फोर्टमधल्या त्या चौकाचे नाव मात्र काळा घोडाच राहिले. कॉर्नवॉलिस आणि वेलस्ली यांचे पुतळेही याच आश्रयाला आले.

१६.
काही जण याला अडगळ म्हणतात. मला वाटते, पदच्युत पुतळ्यांशी वागण्याची ही फार शहाणी रीत आहे. चौकातला पुतळा नमस्कार मागतो. बागेच्या कोपऱ्यातला पुतळा प्रश्न विचारू देतो. राज्य गेले, चौथरा गेला, पण पुरावा राहिला. चापेकरांच्या संतापाचा अर्थ पुस्तकातून जेवढा कळतो, त्याहून अधिक त्या दगडी चेहऱ्यासमोर उभे राहिल्यावर कळतो. पुतळा फोडून टाकला असता, तर तो संताप कशावर होता हे आपण कसे दाखवले असते? इतिहास आवडणाऱ्यांनी न आवडणाऱ्या इतिहासाचीही राखण करावी लागते.

१७.
आता नावाकडे येऊ. व्हिक्टोरिया गार्डन्सचे जिजामाता उद्यान झाले. नामांतर म्हटले की दोन तट पडतात आणि दोन्हीकडून मोठा आवाज होतो. मला इथे वेगळेच काही दिसते. जिजाऊंचे माहेर सिंदखेडराजा. म्हणजे वाशीमच्या शेजारचा बुलढाणा जिल्हा, आपले वऱ्हाड. लखुजी जाधवांच्या त्या गढीतली मुलगी पुण्यात शिवबाला घेऊन नांगर धरायला उभी राहिली, ही आठवण महाराष्ट्राने जपली. उजाड जमीन पुन्हा लागवडीखाली आणण्याशी जोडलेल्या स्त्रीचे नाव एका बागेला मिळावे, यात औचित्य आहे. आणि ‘राणीची बाग’ हे जुने नावही लोकांनी सोडले नाही. कोणती राणी, हे विचारायला कोणी थांबत नाही. नावांचे असे थर साचू देणे ही लोकांची इतिहास लिहिण्याची पद्धत आहे.

१८.
तिसरा धागा याहून जुना आहे. बागेच्या दाराशी असलेल्या संग्रहालयाला १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. भाऊ दाजी व्यवसायाने डॉक्टर, पण लिपी वाचण्याचे त्यांना वेड होते. अजिंठ्याचे शिलालेख वाचून त्यांनी १८६० च्या दशकात ते प्रसिद्ध केले. त्यातला सोळाव्या लेण्याचा लेख वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचा. वाकाटकांची ही शाखा वत्सगुल्माची, म्हणजे आजच्या वाशीमची. १९३९ मध्ये वाशीमचा ताम्रपट सापडला तेव्हा या शाखेचे चित्र स्पष्ट झाले. भायखळ्याच्या बागेशी नाव जोडले गेलेल्या माणसाने आपल्या गावच्या राजांचा पत्ता शोधण्याची सुरुवात केली होती, हे वाशीमच्या किती विद्यार्थ्यांना शाळेत सांगितले जाते?

१९.
आणि आता झाडे, कारण शेवटी ही बाग आहे. आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच इथे आहे. खोड असे फुगलेले, की लहान मुले त्याला हत्तीचा पाय समजतात. ब्रह्मदेशची उर्वशी इथे फुलते. लोंबत्या घोसांमध्ये लाल-पिवळी फुले धरणारे हे झाड भारतात दुर्मीळ आहे आणि ते फुललेले पाहायला जाणकार मुद्दाम येतात. खोडालाच फुले आणि तोफगोळ्यासारखी फळे धरणारा कैलासपती आहे. शिवडीच्या संस्थेने दूरदेशीची रोपे रुजवून पाहण्याचा जो उद्योग सुरू केला, त्याची ही जिवंत नोंदवही आहे. पुतळा हलवता येतो, हत्तीचे तुकडे जोडता येतात. शंभर वर्षांचे झाड मात्र दुसरीकडे नेऊन जोडता येत नाही.

२०.
म्हणूनच या बागेवरचा खरा वाद नावाचा नाही, उपयोगाचा आहे. २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या मोठ्या नूतनीकरणाचा आराखडा आला, तेव्हा वनस्पतींच्या काळजीने काही नागरिक पुढे आले. ‘सेव्ह राणी बाग बोटॅनिकल गार्डन’ या नावाने त्यांनी झाडांची मोजदाद केली, अर्ज केले, वारसा समितीपुढे बाजू मांडली आणि मूळ आराखडा बदलावा लागला. पुढे जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियाहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा हा पक्षी भायखळ्यात यंत्राच्या थंडाव्यात राहू लागला. २०१७ मध्ये मोठ्यांचे पाच रुपयांचे तिकीट पन्नास रुपये झाले. चौघांच्या कुटुंबाला शंभर.

२१.
पेंग्विनच्या रांगेत माझ्यापुढे एक गृहस्थ होते. बोलीवरून ओळख पटली. ‘पोट्टे म्हणाले पेंग्विन पाहाले चाला, म्हणून आलो बाप्पा,’ असे हसत म्हणाले. कुठले, तर मेहकरकडचे. मुलगा ठाण्यात नोकरीला. मी त्यांना हत्तीची आणि कापसाची गोष्ट सांगितली. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘म्हणजे हे आपल्या पऱ्हाटीचं हाय म्हणा थोडंसं.’ या थ्रेडमध्ये मी जे इतक्या शब्दांत मांडतो आहे, ते त्यांनी एका वाक्यात मांडले. पेंग्विन पाहून झाल्यावर ते नातवंडांना घेऊन दगडी हत्तीकडे वळले, हे मी पाहिले. लोक इतिहास टाळतात हे खरे नाही. त्यांना त्यातला आपला वाटा कोणी दाखवत नाही.

२२.
आता तक्रार. ती पेंग्विनविरुद्ध नाही; मुलांच्या आनंदावर रागावणारा इतिहासकार मला मान्य नाही. तक्रार आपल्या पाहण्याविरुद्ध आहे. किल्ल्यावर जाताना आपण आठवडाभर आधी वाचतो, बखरी चाळतो, नकाशा काढतो. बागेत जाताना मात्र डबा आणि चेंडू. तलवारीचा इतिहास तेवढा इतिहास आणि सावलीचा इतिहास म्हणजे सहल, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. परिणामी गडाचा एक चिरा ढासळला तर हजार हात पुढे येतात, जुने झाड पडले तर वाहतूक कधी सुरू होईल एवढेच विचारले जाते. ज्याचा इतिहास आपण वाचत नाही, त्याचे रक्षणही आपण करत नाही.

२३.
आणि मागणी. ती दोन ठिकाणी आहे. भायखळ्यात कापसाची चार झाडे लावावीत आणि शेजारी एक फलक असावा, १८६२ च्या त्या तेजीत कापूस कुठून आला हे सांगणारा. खर्च फारसा नाही, न्याय बराच आहे. दुसरी मागणी आपल्या गावांकडे. आमच्याकडे गावाच्या कडेला ई-क्लास जमीन असते. गुरांच्या चराईची, साऱ्या गावाची. कुठे ती अतिक्रमणात जाते, कुठे उकिरड्यात, कुठे ‘मोकळीच तर आहे’ या वाक्यात. शिवडीची बाग ज्या वाक्याने गेली, तेच वाक्य. त्यातला एकेक तुकडा ग्रामसभेत ठराव करून राखावा. कडुनिंब, चिंच, वड, पळस लावावेत. प्रत्येक झाडाखाली नाव आणि लावल्याचे साल लिहावे.

२४.
यावर उत्तर येईल, की शेतीला पाणी नाही आणि तुम्हाला बाग सुचते. प्रश्न रास्त आहे. पण मी कारंजी आणि हिरवळ मागत नाही. वऱ्हाडातल्या वैशाखात बाजाराला आलेल्या म्हातारीला टेकायला सावली मागतो, मुलींना संध्याकाळी निर्धास्त बसता येईल अशी जागा मागतो. सार्वजनिक बाग ही श्रीमंत शहराची चैन आहे, हा समज कापसाच्या त्या जुन्या वाटणीतूनच आला आहे: पिकवायचे आपण, सावलीत बसायचे दुसऱ्यांनी. ही वाटणी नियतीने ठरवलेली नाही. बर्कनहेडमध्येही बागेसाठी सार्वजनिक पैसा खर्च करावा असे आधी कोणीतरी ठरवावेच लागले होते.

२५.
तर मित्रहो, मुंबईला गेलात की राणीच्या बागेसाठी अर्धा दिवस काढा. बुधवारी बंद असते, हे ध्यानात ठेवा. सकाळी जा. आधी ससूनचा मनोरा, मग दगडी हत्ती, मग संग्रहालयाच्या आवारातली राणी, मग काळा घोडा. गोरखचिंचेला हात लावून पाहा. त्यानंतर पेंग्विनकडे खुशाल जा. तिकिटाचे पन्नास रुपये देताना मात्र मनात एवढे असू द्या, की आपण परक्याच्या दारात उभे नाही. १८६२ मध्ये घाटातून उतरलेल्या एखाद्या बैलगाडीने आपला पहिला हप्ता कधीच भरला आहे. उरलेला हप्ता आपल्या गावात, एक खड्डा खणून आणि एक झाड लावून भरायचा आहे.